द सिम्पसन्स: एकाच घरात एक जण लोळतो, दुसरा रिमोट मागतो

17 डिसेंबर 1989 रोजी अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ही अ‍ॅनिमेटेड मालिका अजून चालूच आहे आणि भागांचा आकडा साडेसातशेच्या पुढे गेला आहे. एक भाग साधारण 22 मिनिटांचा. साडेसातशेच धरले तरी 275 तास होतात, म्हणजे साडेअकरा दिवस डोळ्याला डोळा न लागता. ‘पहिल्यापासून सगळं बघ’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

‘यामा हासासारखं काय शे, भो?’ हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या हॉलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत येऊ शकतो. विचारणारा काही अडाणी नसतो. मालिका ठरावीक जागी अडते, आणि त्या जागा माहीत असल्या की कोणाला दाखवायची, कोणाला नाही, हे आधीच ठरवता येतं.

मांडणी सोपी आहे. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, तिथलं अणुवीज केंद्र, त्यात सुरक्षा निरीक्षक असून ड्युटीवर डुलक्या काढणारा होमर, घर ओढणारी मार्ज, दहा वर्षांचा वांड बार्ट, आठ वर्षांची हुशार लिसा आणि तोंडात चोखणी घेतलेली मॅगी. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या ज्यांच्या गच्चीवरून दिसतात त्या भुसावळकरांना प्लँट, कॉलनी, शिफ्ट, युनियन यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आपलं केंद्र कोळशावरचं, त्यांचं अणूवरचं. आणि तीन डोळ्यांचा मासा फक्त त्यांच्या पाण्यात.

पहिली अडचण बापापाशी येते. बार्ट आपल्या बापाला सरळ ‘होमर’ म्हणतो. आपल्याकडे बाप आबा असतो, नाना असतो, अण्णा असतो. त्याचं नाव पोरगा घेतो ते शाळेच्या फॉर्मवर. वर होमर चिडला की पोराचा गळा आवळतो, जीभ बाहेर येईपर्यंत, आणि हा विनोद वर्षानुवर्षं वापरलेला आहे. चित्रातली मारामारी मांजर-उंदराच्या कार्टूनसारखी ज्यांना वाटते ते हसून पुढे जातात. ज्यांना हे घर खरं वाटू लागतं त्यांना ती टोचते. पंचाईत अशी की मालिकेचे उत्तम भाग हे घर खरं वाटण्यावरच उभे आहेत, त्यामुळे मन लावून बघणाराच इथे जास्त अडखळतो. आणि चित्रं आहेत म्हणून पाच-सहा वर्षांच्या पोरांसमोर लावू नका. बिअर, दारूचा गुत्ता, नवरा-बायकोची भांडणं, मरणावरचे विनोद, सगळं आहे.

दुसरी अडचण काळाची. 2008 पासून चालणाऱ्या ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्येही सोसायटी तीच आणि माणसं तीच, पण टप्पूची भूमिका करणारं पोर मोठं झालं, मग बदललंही. बार्टला ती सोय नाही, चित्राला मिसरूड फुटत नाही. भाग संपला की बहुतेक सगळं जागच्या जागी येतं: गेलेली नोकरी, जळालेलं घर, मोडलेली मैत्री. ‘पुढे काय झालं’ या ओढीने मालिका बघणाऱ्याला इथे हाताला काहीच लागत नाही. न वाढण्याचे घोळही होतात. 1991 च्या एका भागात होमर आणि मार्ज 1974 साली शाळेत भेटतात. 2008 च्या भागात तेच दोघं नव्वदच्या दशकात लग्नाआधीचे दिवस काढताना दिसतात. जुने प्रेक्षक या भागावर चिडले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

पण खरी फूट पडते ती विनोदाच्या थरांपाशी. 11 मार्च 1993 चा, चौथ्या सीझनमधला संपाचा भाग घ्या. मालक मिस्टर बर्न्स कामगारांच्या करारातून दातांच्या इलाजाची सवलत काढतो आणि बदल्यात मीटिंगसाठी बिअरचं पिंप देतो. कामगार खुशीत रांगेला लागतात. रांगेत उभ्या होमरच्या डोक्यात दोन वाक्यं फिरू लागतात: ‘दातांची सवलत’ आणि ‘लिसाला तारा बसवायच्यात’. एकदा हे, एकदा ते, पुन्हा हे, पुन्हा ते. प्रेक्षकाला जोड केव्हाच लागलेली असते, होमरला लागत नाही, आणि गंमत त्या उशिरात आहे. सवलत नसेल तर लिसाला ज्या स्वस्त तारा मिळणार त्या स्टेनलेस स्टीलच्या आधीच्या जमान्यातल्या, म्हणून त्या ओल्या होऊ द्यायच्या नाहीत, असं डॉक्टर शांतपणे सांगतो. तोंडातल्या तारा! इथपर्यंत कुठल्याही गावचा माणूस हसतो.

मग संप चिघळतो आणि बर्न्स अख्ख्या गावाची वीज तोडतो. लोडशेडिंग काढलेल्या खान्देशाला हे वेगळं सांगायला नको. बर्न्स रडारड ऐकायला कान लावून बसतो, तर अंधारात संपकरी गाऊ लागलेले. हे पाहून तो यमकात बोलतो. आपल्याला वाटतं, म्हातारा बहकला. अमेरिकेतल्या पोरासोरांना मात्र ओळख पटते, कारण ही नाताळ चोरणाऱ्या ग्रिंचच्या गोष्टीची नक्कल आहे, डॉक्टर स्यूसची, तिकडे घरोघरी वाचली जाणारी. तोच प्रसंग, तीच सेकंदं. एकाला दोन विनोद मिळाले, दुसऱ्याला एक. मालेगावच्या पोरांनी शोलेची नक्कल काढली ती आपल्याला का चढली, तर मूळ शोले पाठ होता म्हणून. न पाहिलेल्याला त्यात नुसती धावपळ दिसली असती. सिम्पसन्समध्ये असल्या नकला भागाभागात पेरलेल्या आहेत. चौथा सीझन दुसऱ्या थराशिवायही पोट भरतो. पुढच्या पुष्कळ भागांत वरचा, सगळ्यांना कळणारा थर पातळ होत गेला आहे आणि पाहुण्या कलाकाराची ओळख नसेल तर पाच-पाच मिनिटं कोरडी जातात.

अपूबद्दल. किराणा दुकान चालवणारा हा भारतीय. त्याचं पहिलं नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतून घेतलेलं, आडनाव कुठल्याच प्रांतात न सापडणारं. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. हरी कोंडाबोलू यांच्या 2017 च्या माहितीपटाने त्यावर बोट ठेवलं आणि 2020 मध्ये अझारियाने तो आवाज सोडला. अपूच्या नावाने चिडवण्याचा त्रास अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत झाला. इथे बसून ‘त्यात काय एवढं’ म्हणणं सोपं आहे. अपूचा चांगला भाग बघायचा तर 1994 चा, होमरला घेऊन तो भारतात येतो तो. डोंगराच्या टोकावर दुकानांच्या साखळीचा प्रमुख गुरू बसलेला, तीन प्रश्नांची मुभा. होमर विचारतो: तुम्हीच खरे प्रमुख का? हो. खरंच? हो. तुम्ही? हो. संपले तीन. याला कसलीही पूर्वतयारी लागत नाही.

आता टीव्हीबद्दल. 2009 च्या सुरुवातीपर्यंतचे भाग चौकोनी, 4:3 आकाराचे आहेत. रुंद पडदा भरावा म्हणून रिमोटवरून चित्र झूम केलं की वरची-खालची पट्टी कापली जाते. 1993 च्या एका भागात डफ बिअरच्या कारखान्यात साधी, लाइट आणि ड्राय अशा तीन टाक्या दिसतात, आणि तिन्ही वरच्या एकाच पाइपला जोडलेल्या. चित्र कापलं की पाइप जातो आणि उरतात तीन टाक्या. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. इंग्रजी सबटायटलही लावा. इंग्रजी येत असलं तरी लावा, कारण बोलणं वेगात आहे. पाट्यांवरचे विनोद मात्र सबटायटलमध्ये येतीलच असं नाही, त्यासाठी पॉज. भाकरी थापता थापता कानाने ऐकण्याची ही मालिका नाही.

सुरुवात पहिल्या सीझनने करू नका. तिथली चित्रं ओबडधोबड, चाल संथ, होमरचा आवाजही वेगळा, जाडसर. रील्सवरच्या तुकड्यांनीही करू नका, त्यात वर सांगितलेला उशीरच कापलेला असतो. तिसऱ्या ते आठव्या सीझनमधले तीन भाग निवडा: संपाचा, लिसा मांसाहार सोडते तो 1995 चा, जो माळकरी घरातही चालेल, आणि गुरूचा. तिन्हींवर खोली हसली तर चौथा लावा, 1997 चा, फ्रँक ग्राइम्सचा. जन्मभर कष्ट केलेला हा माणूस होमरचं आयतं घर-गाडी बघून पेटतो, त्याची नक्कल करताना विजेच्या धक्क्याने मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो तर सगळे हसतात. चाहत्यांतही यावरून दोन तट आहेत. हा पहिल्या दिवशी लावलात तर आजी उठून आत जातील. चौथा म्हणून लावलात आणि तरीही खोली गप्प झाली, तर पुढचा भाग आपोआप सुरू व्हायच्या आत बंद करा.