फ्लरी (जुन्या वेलींची): तुरट रेड वाईन नको वाटणाऱ्यांनी ही घेऊन बघा

रेड वाईन म्हटलं की आपल्या सांगलीत निम्मे लोक तोंड वाकडं करतात, तुरट लागते, जीभ कोरडी पडते, आणि वर तिखट खाल्लं तर आगच आग. त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की फ्रान्सच्या बोजोले भागातली फ्लरी प्या. भाऊ मुंबईहून घेऊन आला होता. लेबलवर जुन्या वेलींची असं छापलंय, पण तिकडं त्याला कायद्यानं वयाची अट नाही, त्यामुळं मागचं लेबल वाचूनच घ्या, ह्यावर साठ वर्षांच्या पुढच्या वेली असं स्पष्ट लिहिलेलं.

ग्लास पेपरवर तिरका धरला तर खालची बातमी वाचता येते इतका हलका रंग, कडेला जांभळट. वास स्ट्रॉबेरी आणि फुलांचा. घोट एकदम रसाळ, मागं छान आंबटपणा, तुरटपणा नावालाच. द्राक्ष गामे, त्यात मुळातच टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, कमी, आणि घड न चिरडता अख्खे टाकीत भरतात, टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडला की मण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते, म्हणून फळाची चव अशी वर येते.

तासगावचे आमचे अण्णा, म्हणजे चुलते, द्राक्षातच आयुष्य गेलेलं, त्यांनी घोट घेतला आणि पहिलं विचारलं, "मांडव कसलाय?" तिकडच्या बागांचे फोटो दाखवले. पारंपरिक छाटणीत तार नाही, मांडव नाही, प्रत्येक वेल आपल्या बुटक्या खोडावर झुडपासारखी सुटी उभी, खाली ग्रॅनाइटची वाळूसारखी जमीन. अण्णा म्हणाले, "साठ वर्षं? आपण पंधराव्या वर्षीच माल उतरला म्हणून बाग काढतो." आपलं गणित वजनाचं, मणी फुगवायला घड जीएत (जिबरेलिक ॲसिड ह्या संजीवकात) बुडवायचे. तिकडं म्हातारी वेल माल कमी देते, मणी बारीक, पण चव दाट, आणि वाईनला तेच पाहिजे असतं. ह्याच गामेला शेजारच्या बरगंडीच्या ड्यूक फिलिपनं १३९५ मध्ये हलक्या प्रतीचं म्हणून उपटायला लावलं होतं, बोजोलेनं ते जपलं हे फार मोठं काम झालं.

पिताना गार पाहिजे, तेरा-चौदा डिग्री, आपल्या उन्हाळ्यात तासभर फ्रीजमध्ये ठेवाच. इकडच्या एका दुकानात रेडच्या बाटल्या उन्हाच्या काचेत मांडलेल्या बघितल्या, जीव जळतो, तिथनं घेऊ नका. आम्ही अख्खा मसूर आणि भाकरीबरोबर घेतली, मसाला कुठंच टोचला नाही. भडंगाबरोबर पण मस्त. तांबड्या रश्श्यापुढं मात्र दबते.

किंमत जड आहे, आयात कर लागतो. परवडत नसेल तर बोजोले व्हिलाज घ्या, द्राक्ष तेच. नूव्होच्या, म्हणजे त्याच सालच्या द्राक्षांच्या ताज्या बोजोलेच्या, नादाला लागणार असाल तर वर्ष बघून, ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि थोड्या महिन्यांतच प्यायची असते, गेल्या सालची कोणी स्वस्तात देत असेल तर सोडून द्या.