अर्ध्या किमतीचं पिस्तूल: अमेरिकेत पहिली खरेदी करणारे कुठे फसतात

कपड्याखाली लपवून बाळगण्याजोगं सिग सावर पी३६५ अमेरिकेतल्या दुकानात नवं घ्यायचं तर साधारण ५०० डॉलर लागतात. ग्लॉक ४३एक्स त्याच्याच आसपास. टॉरस जी३सी २५० ते ३०० डॉलरला मिळतं, रुगर एलसीपी मॅक्स ३०० च्या थोडं वर. सुट्ट्यांच्या सेलमध्ये किंवा कंपनीच्या रिबेटवर यातले तीस-पन्नास डॉलर सुटतात, त्याहून फारसे नाहीत. नव्या पिस्तुलावर दुकानदाराला मुळात थोडंच उरतं, शिवाय जाहिरातीत किती खालची किंमत छापायची यावर बऱ्याच कंपन्यांनीच मर्यादा घातलेली असते. म्हणून एखाद्या साइटवर पी३६५ 'क्लिअरन्स'मध्ये २१९ डॉलरला दिसत असेल, तर ते पिस्तूल अस्तित्वातच नाही असं धरून चालावं.

या साइट दिसायला चोख असतात. फोटो खऱ्या दुकानांच्या पानांवरून उचललेले, खाली पाचपैकी पाच तारे, आणि बाजारात कुठेच मिळत नसलेलं मॉडेलही इथे 'इन स्टॉक'. तळाशी एफएफएल क्रमांक, म्हणजे फेडरल परवानाधारक विक्रेत्याचा नंबर. इथेच भले भले विश्वास ठेवतात. एटीएफ या केंद्रीय खात्याच्या साइटवर 'एफएफएल ईझी चेक' नावाची सोय आहे. परवान्याचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की दुकानाचं नाव, पत्ता आणि मुदत दिसते. ग्राहक ते तपासतो, नाव जुळतं आणि तो निर्धास्त होतो. पण भामट्याने परवाना बनावट केलेलाच नसतो. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी खऱ्या, छोट्या दुकानाचा नंबर आणि नाव त्याने चोरलेलं असतं. त्या दुकानदाराला आपल्या नावाने साइट चालते याचा पत्ताही नसतो. तेव्हा नंबर तपासून थांबू नका. त्या दुकानाचा फोन त्या साइटवरून न घेता नकाशावरून किंवा राज्याच्या व्यवसाय नोंदणीतून शोधा आणि विचारा: ही साइट तुमचीच का? डोमेन कधी नोंदवलं तेही फुकटात कळतं. 'स्थापना १९९८' लिहिलेल्या दुकानाचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं निघालं तर पुढे काही पाहायची गरज नाही.

याहून सोपी कसोटी कायद्यातच आहे. ऑनलाइन घेतलेलं पिस्तूल घरी येत नाही. ते तुमच्याच राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे येतं. तिथे तुम्ही ओळखपत्र दाखवून खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरता, एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच पिस्तूल हातात पडतं. डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. कॅलिफोर्नियात वर दहा दिवस थांबावं लागतं, आणि डीलरला नवं विकायचं तर ते मॉडेल राज्याच्या मान्य यादीत असावं लागतं. 'डिस्क्रीट होम डिलिव्हरी' असे शब्द दिसले की साइट बंद करायची. हुशार भामटे आता हे शब्द टाळतात आणि उलट तुमच्याच डीलरचं नाव विचारतात. त्यावरही उपाय आहे: पैसे देण्याआधी स्थानिक डीलरकडे जा, ट्रान्सफर फी ठरवा (बहुतेक ठिकाणी २० ते ५० डॉलर, काही राज्यांत जास्त) आणि विक्रेत्याशी परवान्याच्या प्रतीची देवाणघेवाण त्यालाच करायला सांगा. एका खऱ्या दुकानदाराने दुसऱ्याला फोन केला की खोटं दुकान पाच मिनिटंही तग धरत नाही.

पैशाची वाट मात्र नीट समजून घ्या. खोट्या साइटवर कार्डचं बटण असतं, पण ते दाबलं की 'तांत्रिक अडचण' येते आणि झेल, कॅश ॲप, व्हेन्मो अशा फोनवरून पैसे पाठवायच्या सेवांनी किंवा बिटकॉइनने दिल्यास दहा टक्के सूट मिळेल असा मेल येतो. सोबत एक बारीक सूचना: पैसे पाठवताना शेऱ्यात 'गन' लिहू नका, 'फर्निचर' किंवा 'गिफ्ट' लिहा. ही सूचना म्हणजे सगळ्या सापळ्याची कळ. पेपालसारख्या सेवांना शस्त्रांचे व्यवहार चालत नाहीत, हे भामट्याला पक्कं ठाऊक असतं. आपण नियम मोडून, खोटा शेरा लिहून पैसे पाठवले या धास्तीने माणूस तक्रारच करत नाही. झेलने स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम बँक सहसा परत आणून देत नाही, आणि बिटकॉइनचं तर विचारूच नका. क्रेडिट कार्डावर माल आला नाही तर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याचा कायदेशीर हक्क असतो. खरी दुकानं कार्ड घेतात, फार तर तीन टक्के जास्त लावतात. ते तीन टक्के खुशाल द्या. लिलावाच्या नावाजलेल्या साइटवरही हाच डाव वेगळ्या तोंडाने येतो: 'बाहेरच व्यवहार करू, साइटची फी वाचेल.'

एकदा पैसे गेले की दुसरी फेरी सुरू होते. कुरियर कंपनीच्या नावाने मेल येतो: शस्त्राच्या पार्सलला १५० डॉलरचा 'परत मिळणारा विमा' लागतो. तो भरला की आणखी एखादं कारण. ग्राहक बिथरला की सूर बदलतो आणि एटीएफचा अधिकारी असल्याची बतावणी करणारा फोन येतो: तुम्ही बेकायदा शस्त्र मागवलंय, दंड भरा नाहीतर अटक. 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या वाचणाऱ्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. व्हिसावर राहणारा माणूस इथे सगळ्यात लवकर मोडतो. कुठलंही सरकारी खातं फोनवर दंड वसूल करत नाही. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा, एफबीआयच्या आयसी३ या सायबर तक्रारींच्या साइटवर आणि एफटीसी या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार नोंदवा. साइटचे स्क्रीनशॉट, मेल आणि खातेक्रमांक जपून ठेवा, कारण साइट काही दिवसांत गायब होते.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर मराठी मंडळींनी हे नीट वाचावं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे नॉनइमिग्रंट व्हिसा आहेत. अशा माणसाला फेडरल कायद्याने शस्त्रच काय, गोळीही बाळगता येत नाही. मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. याचाच धंदा काही विक्रेते आणि 'सल्लागार' करतात: तीस-चाळीस डॉलरचं हंटिंग लायसन्स काढा, झालं काम. अपवाद खरा आहे, पण हे लायसन्स बहुधा वर्षभराचं असतं. ज्या दिवशी ते संपतं, त्या दिवसापासून कपाटातलं पिस्तूल हा गुन्हा होतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाला त्याची किंमत काय पडू शकते हे सांगायला नको. लपवून बाळगण्याची परवानगी तर त्या लायसन्सने मिळतच नाही. ग्रीन कार्डधारकाला फेडरल कायद्याने खरेदी करता येते, फॉर्मवर एलियन क्रमांक भरावा लागतो. 'तुझ्या नावावर नको, मी घेऊन देतो' म्हणणारा सिटिझन मित्र दोघांनाही खड्ड्यात घालतो. दुसऱ्यासाठी अशी बनावट खरेदी करणं हा २०२२ च्या कायद्याने स्वतंत्र फेडरल गुन्हा झाला, शिक्षा १५ वर्षांपर्यंत.

परवान्याच्या नावाने होणारी लूट किरकोळ रकमेची असते, म्हणून कोणी बोलत नाही. 'घरबसल्या कन्सील्ड कॅरी (म्हणजे लपवून बाळगण्याचा परवाना), सगळ्या राज्यांत चालेल' अशा जाहिरातीवर व्हिडिओ पाहून, वीस प्रश्न सोडवून, साठ-सत्तर डॉलर भरले की चकचकीत प्रमाणपत्र येतं. ते परवाना नसतं. सामान्य नागरिकासाठी देशभर चालणारा परवाना अमेरिकेत अस्तित्वात नाही. व्हर्जिनियात पूर्वी ऑनलाइन प्रशिक्षण चालायचं, तेही २०२१ च्या सुरुवातीला बंद झालं. टेक्सास, फ्लोरिडा धरून २९ राज्यांत पात्र माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं. पण एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्याचं गणित साफ निराळं: न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परचेस परमिट, बाळगण्यासाठी आणखी वेगळा परवाना, मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या, आणि दुसऱ्या राज्याचा परवाना तिथे शून्य. पेनसिल्व्हेनियातल्या पाहुण्यांकडून परतताना पिस्तूल गाडीत राहिलं, ही सबब तिथे कोणी ऐकून घेत नाही.

आता गन शो (शस्त्रविक्रीचे मेळे) आणि जुना माल. इथे फसवणूक हातात वस्तू देऊन होते, त्यामुळे ती कळतही उशिरा.

बॅकग्राउंड चेक माणसाची होते, पिस्तुलाची नव्हे. एनआयसीएसने 'प्रोसीड', म्हणजे विक्री करा, म्हटलं म्हणून पिस्तूल चोरीचं नाही असं सिद्ध होत नाही. टेक्सासमध्ये तर दोन रहिवाशांमधल्या खासगी विक्रीला चेकचीही सक्ती नाही. चोरीचं निघालं तर पोलीस ते घेऊन जातात आणि तुमचे पैसे बुडतात. फ्लोरिडाच्या राज्य पोलीस खात्याच्या साइटवर चोरीच्या शस्त्रांचे नंबर कोणालाही शोधता येतात, पण ते त्या राज्यापुरतंच. इतरत्र विक्रेत्याला एकच सांगायचं: व्यवहार डीलरमार्फत करू, फी माझी. शिवाय ओळखपत्र आणि सिरियल नंबर लिहिलेली, सही केलेली पावती. चोरीचा माल असणारा तिथूनच काढता पाय घेतो.

'ग्लॉक १९, कमी वापरलेलं, ३५० डॉलर' असं म्हणून जे टेबलावर असतं, ते कधीकधी ग्लॉक नसतंच. घरी जोडायच्या पॉलिमर किटच्या फ्रेमवर ग्लॉकची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) बसवलेली असते. खऱ्या ग्लॉकच्या ग्रिपवर कंपनीची खूण असते, फ्रेमच्या पुढच्या भागाखाली धातूच्या पट्टीवर नंबर असतो, आणि तोच नंबर स्लाइडवर आणि बॅरलवर असतो. फ्रेमवर नंबरच नसेल तर मागे फिरा. पी३६५ मध्ये कायद्याच्या दृष्टीने 'शस्त्र' म्हणजे आतला धातूचा फायर कंट्रोल युनिट (ट्रिगरची यंत्रणा), बाहेरची ग्रिप नुसतं प्लास्टिक. तिथला नंबर ग्रिपच्या बाजूच्या खिडकीतून दिसतो. 'नवी कोरी' ग्रिप पाहून आतलं युनिट नवं समजू नका.

जुन्या कॉम्पॅक्ट पिस्तुलात रिकॉल लपवणं ही सर्रास चाल. रुगर एलसीपीची सुरुवातीची पिस्तुलं २००८ मध्ये परत मागवली गेली, पडल्यावर सुटण्याच्या शक्यतेमुळे. स्प्रिंगफील्ड एक्सडी-एस २०१३ मध्ये, स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी २०२० मध्ये. टॉरसच्या पीटी-१११ मिलेनियमसह नऊ मॉडेलांचा खटला २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. यात एक मेख आहे: नंतर आलेलं पीटी१११ जी२ हे वेगळं पिस्तूल, पुढे तेच जी२सी झालं. विक्रेता नुसतं 'टॉरस १११' म्हणून जुनं मिलेनियम नव्याच्या भावात खपवतो. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहायला दोन मिनिटं पुरतात. पोलिसांकडून परत आलेली पिस्तुलं एरवी चांगला सौदा असतात, पण 'नाईट साइट्ससह' (अंधारात उजळणाऱ्या नेमखुणा) याचे जादा पैसे देऊ नका. त्या उजळवणाऱ्या ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साइट्स अंधारात निम्म्याच उजळतात. दुकानात ओंजळीत झाकून पाहिलं की कळतं.

सगळ्यात सभ्य फसवणूक काउंटरमागून होते. नवख्याला, त्यातही बाईमाणसाला, सर्वांत छोटं पिस्तूल पुढे केलं जातं: 'हलकं आहे, पर्समध्ये मावेल.' मूळ एलसीपीचं वजन २७२ ग्रॅम. वजन कमी म्हणजे धक्का हातालाच. नेमखुणा नावापुरत्या आणि पकड दोन बोटांची. पन्नास गोळ्यांत हात दुखतो आणि सराव कायमचा सुटतो. त्यात एलसीपीला लागणारी .३८० ची गोळी ९ एमएमपेक्षा महाग. साधारण ५०० ग्रॅमचं पी३६५ किंवा ६२५ ग्रॅमचं जी३सी नवख्याला शिकायला कितीतरी बरं. 'पॅकेज'मध्ये मिळणारं सर्व मापांचं नायलॉनचं होल्स्टर कचऱ्यात टाकायच्या लायकीचं: पिस्तूल काढल्यावर ते चेपतं, परत घालताना कापड ट्रिगरमध्ये अडकू शकतं. त्या मॉडेलसाठीच बनवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर ४० ते ८० डॉलर, जादा मॅगझिन ३० ते ५०, सरावाच्या २०० गोळ्या आणि बचावासाठीच्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्यांची एक-दोन खोकी हे सगळं मिळवलं की २५० चं पिस्तूल ४५०-५०० ला जातं. बजेट तेवढं धरूनच मॉडेल निवडा. हॉलो पॉइंट बाळगण्याबाबत न्यू जर्सीचे नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा.

आणि तपासणी फॉर्म ४४७३ भरण्याआधी करा, नंतर नव्हे. एकदा ट्रान्सफर नोंदली की तो माल वापरलेला मानला जातो, आणि बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. आधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. बॅरलच्या तोंडाजवळ फुगवट्याची कडी दिसते का, एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याचा) नख तुटलाय का, फायरिंग पिनच्या भोकाभोवती खड्डे आहेत का ते टॉर्चने पाहा. दुकानदाराची परवानगी घेऊन, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून रिकामं ट्रिगर दाबा, दाबून धरूनच स्लाइड मागे ओढा, मग ट्रिगर हळू सोडा: स्पष्ट 'टक्' जाणवला पाहिजे. रिकॉइल स्प्रिंग कधी बदलली ते विचारा. पी३६५ साठी कंपनी २,५०० राउंडला, म्हणजे तेवढ्या गोळ्या झाडल्यावर, ती बदलायला सांगते. 'फक्त पन्नास राउंड झालेत' म्हणणाऱ्याच्या बॅरलच्या वरच्या भागावरचा काळा लेप घासून चकाकत असेल, तर किंमत स्प्रिंगच्या पैशांसकट पुन्हा बोला, किंवा पिस्तूल काउंटरवर ठेवून निघा.