साडेसातशेचा स्कॅनर, रेनोचं दीड लिटर डिझेल आणि 'सिलिंडर १': दहा महिन्यांनंतर

पी०२०१. इंजिनातल्या बिघाडाच्या या एका कोडसाठी हा अनुभव लिहायला घेतला आहे.

वस्तू म्हणजे ब्लूटूथवाला ईएलएम३२७ अडॅप्टर (गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचणारा), किंमत ७५० रुपये, आणि फोनवर एक साधं ओबीडी अ‍ॅप. गाड्या दोन: ११० पीएसची डस्टर आणि महिंद्रा-रेनोच्या काळातली, नाशिकला तयार झालेली लोगन. दोन्हींत रेनोचं के९के इंजिन, १४६१ सीसी, आठ व्हॉल्व्ह. टेरानो, व्हेरिटो, स्काला, पल्स, सनी, लॉजी यांच्या डिझेललाही पुढचं बहुतेक सगळं लागू आहे. अडॅप्टर कसा जोडायचा हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते सोडून देतो.

अ‍ॅप पी०२०१ चा अर्थ दाखवतं, 'इंजेक्टर सर्किट, सिलिंडर १'. (इंजेक्टर म्हणजे आपला नोझल, सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा.) इथवर बरोबर. पण सिलिंडर १ म्हणजे चारांतला नेमका कुठला, हे सांगत नाही, आणि पैसे तिथेच जातात. मारुती-ह्युंदाईवर हात बसलेला मेकॅनिक नंबर बेल्टच्या बाजूने मोजतो. रेनोचा नंबर सुरू होतो फ्लायव्हीलकडून, म्हणजे गियरबॉक्सच्या बाजूने. बॉनेट उघडून गाडीसमोर उभं राहा: टायमिंग बेल्ट तुमच्या डाव्या हाताला, गियरबॉक्स उजव्या हाताला, आणि एक नंबर उजव्या टोकाचा. बेल्टजवळचा तो चार नंबर. पेजो आणि सिट्रोएनची मोजणीही फ्लायव्हीलकडूनच आहे. नव्वदच्या दशकात कल्याणला तयार झालेली पेजो ३०९ ज्यांनी खोलली असेल त्यांना हे नवीन नाही.

ही चूक सहज का सापडत नाही, तेही समजून घ्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. नंबर उलटे धरले तर एकाचा चार, तीनचा दोन, म्हणजे ४-२-१-३ होतं. तेच गोल फिरवून एकपासून वाचा, पुन्हा १-३-४-२. कुठल्याही टोकाकडून मोजा, क्रम तोच येतो. पिस्टनवरूनही खूण पटत नाही, कारण एक आणि चार एकाच वेळी वर येतात. मग चांगला चार नंबरचा नोझल निघतो, तिथे नवा बसतो, कोड जात नाही, आणि 'आता ईसीयूच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेला' असं सांगितलं जातं. एका नव्या नोझलची किंमत पाच आकडी आहे. 'फ्लायव्हीलकडून मोजा' ही एक ओळ अ‍ॅपवाल्यांनी कोडखाली टाकली असती तर काय बिघडलं असतं? या मुद्द्यावर माझा राग दहा महिन्यांनंतरही तसाच आहे.

मुळात पी०२०१ ते पी०२०४ हे सर्किटचे कोड आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं वायरिंगबद्दल असतं, नोझलबद्दल नंतर. इग्निशन बंद करून काही मिनिटं थांबा, त्या नोझलचं कनेक्टर काढा. आत डिझेल किंवा ऑइल शिरलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, लॉकची प्लास्टिकची जीभ तुटलीय का, हार्नेस कुठे घासतोय का ते पाहा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून पुन्हा बसवा, कोड पुसा. एवढं केल्याशिवाय पाना उचलू नका.

नोझलच खराब आहे अशी शंका असेल, म्हणजे थंडीत पांढरा-काळा धूर, आयडलला मिसिंग, सेल्फ लांबणे, तर कोडवर अवलंबून न राहता रिटर्न टेस्ट करा. चारही नोझलच्या रिटर्नच्या नळ्या काढायच्या, पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, मुख्य रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं. गरम इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा आणि पातळी पाहा. तिघांत सारखं आणि एकात दुप्पट-तिप्पट, तर तो नोझल आतून गळतोय. गाडी सुरूच होत नसेल तर नुसता दहा सेकंद सेल्फ मारा, चांगल्या नोझलमधून जेमतेम थेंब येतात, गेलेल्यातून धार येते. बाटल्यांवर १ ते ४ लिहाल तेव्हा गियरबॉक्सकडून लिहा.

दोन गोष्टी इथे कधीच करायच्या नाहीत. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून 'कुठला मिस होतोय' बघणं ही जुन्या डिझेलची पद्धत आहे. या इंजिनाच्या रेलमध्ये (चारही नोझलना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) १६०० बारपर्यंत दाब जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. दुसरं, सीमेन्स-कॉन्टिनेंटलचे पिएझो (विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने उघडणारे) नोझल असतील तर चालू इंजिनवर कनेक्टर ओढायचं नाही. पिएझो उघडा राहू शकतो, आणि मग सिलिंडरमध्ये डिझेल भरत राहतं.

नवा नोझल बसवला की काम संपत नाही. खालचं तांब्याचं वॉशर नवंच हवं, आणि नोझलवर कोरलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. डेल्फी कंपनीच्या नोझलवर तो १६ अक्षरी असतो, सीमेन्सवर ६ अक्षरी. प्रत्येक नोझल किती डिझेल कमी-जास्त सोडतो याचा तो हिशेब आहे आणि तो सिलिंडर नंबराला बांधलेला आहे. म्हणजे उलटी मोजणी इथे दुसऱ्यांदा अंगाशी येते: एकाचा कोड चारमध्ये, चारचा एकात. चारही नोझल नवे असूनही आयडलला खडखड. साफसफाईसाठी चारही काढले आणि जागा बदलून बसवले तरी हेच. हे कोड साध्या अ‍ॅपमधून भरता येत नाहीत, त्यासाठी रेनोचं क्लिप किंवा त्या तोडीचं सॉफ्टवेअर लागतं.

आता अडॅप्टरबद्दल. पहिल्या महिन्यात मी त्याला चार तारे दिले असते. सातव्या महिन्यात मत बदललं. ओबीडीचे सर्वसाधारण कोड वाचायला तो ठीक आहे, पण त्यातून फक्त इंजिन दिसतं. रेनोमध्ये एबीएस, एअरबॅग आणि लाइट-लॉक-वायपर सांभाळणारा यूसीएच हे सगळं वेगळं बसलेलं असतं. त्यासाठी लॅपटॉपवर रेनोसाठीचं डीडीटी४ऑल हे सॉफ्टवेअर चालवलं, तर अडॅप्टर एबीएसचा लांब निरोप अर्धवट वाचून गप्प बसायला लागला. कारण त्यावर 'व्ही २.१' लिहिलेलं आहे. या क्लोनमध्ये, म्हणजे नकलेत, मूळ ईएलएम३२७ चिपच्या बऱ्याच आज्ञा नसतात आणि लांब निरोप तुटतात. ज्यांवर 'व्ही १.५' असतं, त्यांतल्या पीआयसी१८एफ२५के८० चिपवाल्यांवर काम नीट होतं. मूळ ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि २०२२ मध्ये ती कंपनी बंद झाली; त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, चिप विचारून घ्या. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. मी वाचवलेले दोनशे रुपये दुसऱ्या अडॅप्टरसाठी पुन्हा मोजले.

कुठलाच अडॅप्टर जोडत नसेल तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आलं तर कॅनची लाइन (गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती) धड आहे. १२० आलं तर एक टोक तुटलंय. १६ वर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ.

लाइव्ह डेटा मात्र मनापासून आवडला. तेवढ्यासाठीही पैसे वसूल झाले असं म्हणेन. पहिलं उदाहरण मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू: तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत १०० ते १०१ केपीए, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभ्या गाडीत ८० किंवा ११० दिसलं तर सेन्सर काजळीने माखलाय किंवा गेलाय, आणि टर्बोला दोष देण्याआधी तो काढून क्लीनरने धुवा. मग तिसऱ्या गियरमध्ये २००० च्या पुढे पूर्ण रेस द्या. ११० पीएसच्या गाडीत आकडा २०० च्या वर चढायला हवा. चढत नसेल, काळा धूर आणि फुस्स आवाज असेल, तर इंटरकूलरचा होज आणि त्याची ओ-रिंग बघा. होजवर तेलकट काळं ओलं दिसलं की गळतीची जागा सापडली. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने अडकलाय का ते त्यानंतर. काढून साफ करताना गॅस्केट नवं घ्या.

रेल प्रेशर अ‍ॅप केपीएमध्ये दाखवतं. शंभरने भागा, बार मिळतात. गरम इंजिन आयडलला २८,००० म्हणजे २८० बार, ठीक आहे. सेल्फ मारताना दीडशे बारच्या वर जात नसेल तर ईसीयू नोझल उघडतच नाही. पण तेव्हाही लगेच हाय प्रेशर पंपाला दोष देऊ नका. या इंजिनात टाकीत विजेचा पंप नाही, डिझेल ओढून आणलं जातं, म्हणून फिल्टरजवळच्या जोडाची ओ-रिंग सुकली की लाइन हवा धरते. रात्रभर उभी राहिली की सेल्फ लांबतो, दिवसा एका झटक्यात सुरू होते. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का बघा, डिझेलच्या लाइनवरचा रबरी फुगा दाबून कडक होतो का बघा. होत नसेल तर काही रुपयांची ओ-रिंग. फिल्टर रिकामा करताना डिझेलमध्ये चांदीसारखी भुकटी दिसली तर मात्र पंप झिजतोय. तेव्हा नुसते नोझल बदलू नका, पंप, रेल आणि पाइपांसकट सगळी लाइन बघावी लागते, नाहीतर नवे नोझलही त्याच भुकटीने जातील.

सेल्फ फिरतोय पण गाडी घेत नाही, अशा वेळी अ‍ॅपमध्ये आरपीएम बघा. फिरताना शून्यच राहिला तर फ्लायव्हीलच्या घरावरचा टीडीसी सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) किंवा त्याचं कनेक्टर. स्वस्त भाग आहे आणि रेनोचा जुना दुखणाईत आहे. इथे अडॅप्टरची एक खोट सांगायला हवी: बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ मारताना तोच बंद पडतो आणि शून्य दाखवतो. म्हणून त्याच वेळी बॅटरीवर मीटर ठेवा. ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर आधी बॅटरी, आणि बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत अर्धा व्होल्ट किंवा जास्त पडत असेल तर गियरबॉक्सवरची अर्थची पट्टी काढून घासा. कमी व्होल्टेजमध्ये ही गाडी एबीएसपासून एअरबॅगपर्यंत खोटे कोड टाकते. सगळे लिहून घ्या, पुसा, आणि चांगल्या बॅटरीवर जे परत येतील तेवढ्यांच्याच मागे लागा.

अडॅप्टर सॉकेटला लावून ठेवायचा नाही. पिन १६ ला चावी काढल्यावरही वीज असते. माझा बंद गाडीत ४० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. गाडी दोन आठवडे उभी राहिली तर बॅटरीतले १३-१४ गेले.

आणि ज्यांच्याकडे डस्टर किंवा लोगन आहे त्यांनी आजच पांढऱ्या ऑइल पेंटने चारही नोझलशेजारी नंबर लिहून ठेवावेत. एक नंबर गियरबॉक्सकडे.