लेहमधील भाड्याचा ऑक्सिजन सिलिंडर : हिवाळ्यात घेण्याजोगा, पण दुकानदाराच्या सूचना तपासून

फेब्रुवारीत लेहहून पँगाँगला जाताना सोबत ज्येष्ठ मंडळी असल्याने आम्ही लेहच्या बाजारातील एका दुकानातून वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याने घेतला. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून वाटेतील चांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. त्यामुळे ऑक्सिजनच्या रंगीबेरंगी हलक्या डब्यांवर विसंबणे आम्हाला पटले नाही. अशा डब्यात साधारण दहा लिटर ऑक्सिजन असतो आणि मिनिटाला दोन लिटर या प्रवाहाने तो पाच मिनिटांत संपतो. दहा लिटर जलक्षमतेच्या, म्हणजे आत दहा लिटर पाणी मावेल अशा, पोलादी सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे त्याच प्रवाहाने तो बारा तासांहून अधिक पुरतो.

सिलिंडर उत्तम स्थितीत होता. काळे अंग, पांढरा खांदा, मानेजवळ ठोकलेली दाबचाचणीची वाचता येणारी तारीख, झडपेवर टोपी आणि सोबत चावी, असे सर्व नियमाप्रमाणे होते. दुकानदाराने रेग्युलेटर आमच्यासमोर बसवला, झडप सावकाश उघडून दाब दाखवला आणि साबणाच्या पाण्याने गळतीही तपासली. ही तपासणी उबदार दुकानातच करून घ्यावी, कारण बाहेर साबणाचे पाणीच गोठते आणि थंडीने ताठरलेले रबरी वायसर तिथे नीट बसत नाहीत.

दुकानदाराने न सांगितलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. १५ अंश सेल्सिअसला १५० बार दाखवणारा दाबमापकाचा काटा उणे २० अंशांना सुमारे १३२ वर येतो. त्यात गळती नसते. गॅस तेवढाच राहतो, केवळ थंड झाल्याने त्याचा दाब उतरतो. हे ठाऊक नसलेले प्रवासी सकाळी काटा पाहून घाबरतात आणि पान्याने झडप आवळत बसतात, जे खरोखर धोक्याचे आहे. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रवरूप होत असल्याने लडाखच्या थंडीत तो सिलिंडरमध्ये गोठेल ही भीतीही निराधार आहे.

गोठते ते ओलाव्याच्या बाटलीतले, म्हणजे ऑक्सिजन दमट करण्यासाठी रेग्युलेटरला जोडलेल्या बाटलीतले, पाणी. दुकानदाराने ती काठोकाठ भरून दिली होती, आणि आमच्या मते ही या सेवेतील ठळक उणीव आहे. मिनिटाला चार लिटरपर्यंतच्या प्रवाहाला ही बाटली सामान्यतः आवश्यक मानली जात नाही. तेव्हा प्रवासात ती रिकामी ठेवावी आणि कॅन्युलाची (नाकात ऑक्सिजन सोडणाऱ्या साधनाची) नळी, जी थंडीत कडक होते, कोटाच्या आत बाळगावी.

दुसरी सूचना याहून गंभीर होती : रात्री सिलिंडर बुखारीजवळ (खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ) ठेवा, म्हणजे ‘गार पडणार नाही’. हे कदापि करू नये. सिलिंडर ५० अंशांहून अधिक तापू देऊ नये, हा सर्वमान्य दंडक आहे. शिवाय ऑक्सिजन स्वतः जळत नसला तरी त्याच्या गळतीने भोवतालचे पांघरूण, गालिचा आणि लाकूड कमालीच्या वेगाने पेटते. आम्ही तो बुखारीपासून सर्वांत दूरच्या भिंतीशी उभा करून पट्ट्याने खांबाला बांधला आणि वरची खिडकी किंचित उघडी ठेवली. तो सारखा आत-बाहेरही करू नये. गार धातूवर उबदार खोलीतील ओलावा साचतो आणि पुन्हा बाहेर नेल्यावर तोच झडपेच्या तोंडाशी गोठतो. तसे झाल्यास लायटर, गरम हवेचे यंत्र किंवा उकळते पाणी न वापरता खोलीच्या उबेत त्याला आपोआप वितळू द्यावे.

लडाखच्या कोरड्या हवेत सारेच हाताला कोल्ड क्रीम आणि ओठांना व्हॅसलीन लावतात. ऑक्सिजनच्या संपर्कात तेलकट पदार्थही पेटू शकत असल्याने तेलकट बोटांनी रेग्युलेटर हाताळणे धोक्याचे असते, आणि कॅन्युला लावणाऱ्याने नाकाजवळ पेट्रोलियमयुक्त मलम वापरू नये. पाण्यावर आधारित मलम घरूनच न्यावे. दुकानात याविषयी एक अक्षरही कुणी उच्चारले नाही.

भाडे वाजवी होते आणि परतीच्या वेळी अनामत रक्कम विनातक्रार मिळाली. मोटारीत सिलिंडर आडवा बांधण्यासाठी पट्टे मात्र मागूनच घ्यावे लागले. वृद्ध सोबत असलेल्यांनी हा सिलिंडर जरूर घ्यावा. पण उंचीचा त्रास वाढल्यास त्याच्या आधाराने वर थांबून न राहता ऑक्सिजन चालू ठेवून खाली उतरावे.