साडेबारानंतर काय लावायचं: स्वस्तातलं भूत की स्वस्तातला खून?

दुसरी पाळी सुटली की सातपूरहून इंदिरानगरला पोचेपर्यंत सव्वाबारा होतात. जेवण झाकून ठेवलेलं असतं. ते गरम करायचं, ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचं आणि झोप येईपर्यंत काहीतरी बघायचं, हा गेल्या नऊ-दहा वर्षांचा नेम. एवढ्या रात्री मोठा पिक्चर सोसवत नाही. तीन तास आणि पाच गाणी रविवारी दुपारी ठीक आहेत. साडेबारानंतर बरा वाटतो तो छोटा माल: चार नट, एक बंगला, एक रात्र. त्यात मुख्य जाती दोनच. एकीत भूत असतं, दुसरीत खून.

आमच्या लाइनवर नवीन आलेला एक मुलगा दर शुक्रवारी विचारतो, "दादा, आज भूत की खून?" त्याला कँटीनमध्ये तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो ते इथे एकत्र लिहितो. मी समीक्षक नाही. झोपेतून वेळ काढून बघतो, त्यामुळे रात्र वाया गेली की राग जास्त येतो, एवढंच माझं भांडवल.

स्वस्तातला म्हणजे टाकाऊ, असं नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. त्या मंडळींकडे सायकल ही कॅमेऱ्याची ट्रॉली आणि बैलगाडी ही क्रेन. तेव्हा पैसे कमी ही तक्रार इथे नाहीच. कमी पैशाचा मार भूत कसा झेलतं आणि खून कसा झेलतो, यावर सगळं ठरतं. (‘तुंबाड’ या यादीत धरत नाही. त्याला स्वस्तातला म्हटलं तर पाप लागेल.)

आधी खुनाची बाजू, कारण लग्नाआधी मी त्याच पार्टीत होतो. १९६९ चा ‘इत्तेफाक’ मी पहिल्यांदा दूरदर्शनवर बघितला. एक गाणं नाही, बहुतेक सगळं एका घरात, एका रात्रीत. यश चोप्रांचा दुसराच एक पिक्चर अडकून पडला होता, त्या फटीत महिनाभरात त्यांनी हा उरकला, हे मला फार नंतर समजलं. उरकलेला कुठे वाटत नाही. ख्रिस्तोफर नोलनचा पहिला पिक्चर ‘फॉलोइंग’ १९९८ चा. सगळे नोकरी करणारे, म्हणून वर्षभर शनिवारी-शनिवारी शूटिंग. खर्च साधारण सहा हजार डॉलर. फिल्म वाया जाऊ नये म्हणून आधी भरपूर तालीम करायची आणि एक-दोन टेकमध्ये काम संपवायचं. कृष्णधवल आहे आणि सत्तर मिनिटांच्या आत संपतो. दुसऱ्या पाळीवाल्याला याहून मोठा आशीर्वाद नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. खुनाचा पिक्चर घरच्यांबरोबर बघता येतो. आमच्याकडे सौ. भुताला हात लावत नाही, पण खुनाला जागी राहते. मध्यंतरापर्यंत दोघांनी आपापला खुनी सांगायचा, हरणाऱ्याने सकाळचा चहा करायचा. हा चहा गेली काही वर्षं मीच करतोय.

याच पैजेत घोळ ध्यानात आला. एकदा तिला विचारलं, तू दरवेळी ओळखतेस कशी? ती म्हणाली, "मी गोष्ट बघतच नाही. नावं बघते."

मागच्या दिवाळीत आम्ही एक मराठी थ्रिलर लावला होता. नाव सांगत नाही. फार्महाऊस, पाऊस, सहा माणसं. पाच चेहरे कधी न पाहिलेले. सहावा मात्र वीस वर्षं नाटक-मालिका गाजवलेला नट, आणि त्याला काम काय, तर घरगड्याचं. चहाचा ट्रे घेऊन आत येतो, खाली मान घालून परत जातो. पहिल्या पाऊण तासात त्याच्या वाट्याला दोन वाक्यं. आता तुम्हीच सांगा, हाताशी मोजके पैसे असलेला निर्माता त्यातले निम्मे खर्च करून एवढा मोठा माणूस आणेल, तो काय ट्रे धरायला? सौ.ने दहाव्या मिनिटाला बोट दाखवलं आणि झोपायला गेली. मी शेवटपर्यंत बसलो. तोच निघाला.

मोठ्या पिक्चरमध्ये हे होत नाही, कारण तिथे सहाच्या सहा चेहरे ओळखीचे असतात. स्वस्तातल्या थ्रिलरमध्ये बजेटच फितूर होतं. श्रेयनामावली लक्ष देऊन वाचली तर अर्धं रहस्य तिथेच फुटतं.

हे एकवेळ सोसलं असतं. ज्याने माझा निकाल लावला तो प्रकार शेवटी येतो: उलगडा. खुनी पकडला जातो, सगळे एका खोलीत उभे राहतात आणि तो, नाहीतर इन्स्पेक्टर, बोलायला लागतो. "आठवतं, त्या रात्री लाइट गेले होते..." आणि लगेच तेच दृश्य परत, जे आपण तासाभरापूर्वी पाहिलं. फक्त आता निळसर केलेलं आणि आवाजाला घुमारा. मग दुसरं. मग तिसरं. त्या दिवाळीच्या रात्री उलगडा सुरू झाला तेव्हा मी ताट घेऊन मोरीत गेलो. ताट घासलं, कढई घासली, ओटा पुसला, सकाळसाठी गाळणं धुऊन ठेवलं. बाहेर आलो तरी तो सांगतच होता. इन्स्पेक्टरने जांभई दिल्यासारखी वाटली. ती कदाचित माझीच असेल.

हे का होतं, तेही माझ्यापुरतं मला उमगलंय. रहस्याचे धागे आधीपासून पेरायचे तर जास्तीचे प्रसंग, जास्तीच्या जागा, शूटिंगचे जास्तीचे दिवस लागतात. ते परवडत नाहीत. सगळ्यात स्वस्त म्हणजे बोलणं. एका खोलीत माणसं उभी करायची आणि जे दाखवता आलं नाही ते तोंडाने सांगायचं. अपवाद आहेत. ‘कोहेरन्स’ नावाचा २०१३ चा अमेरिकन पिक्चर दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात पाच रात्रींत केला. नटांना अख्खी संहिता दिलीच नाही, रोज आपापल्या चिठ्ठ्या दिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बराचसा खरा आहे, आणि शेवटी कोणी उभं राहून शिकवणी घेत नाही. पण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

भुताचं गणित उलटं आहे. तिथे गरिबी पथ्यावर पडते. चेहरा अनोळखी असेल तर हा मरणार की वाचणार ते कळत नाही. अंधार फुकट मिळतो. १९९९ च्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तिघे नवखे नट जंगलात स्वतःच कॅमेरा धरून फिरले, पात्रांना नावंही त्यांची स्वतःची. शूटिंग आठ दिवसांचं, आणि रोज त्यांचं खाणं कमी-कमी केलं जाई. त्यांची चिडचिड अभिनय वाटत नाही ती त्यामुळेच. चेटकीण एकदाही दिसत नाही. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ ओरेन पेलीने स्वतःच्या घरात साधारण पंधरा हजार डॉलरमध्ये उरकला. कॅमेरा बेडरूममध्ये स्टँडवर ठेवून दिलेला आणि कोपऱ्यात घड्याळ पळतंय. काहीच घडत नसतं, आणि आपण दाराकडे बघत बसतो. १९७८ च्या ‘हॅलोवीन’मधला तो पांढरा मुखवटा तर बाजारातून आणलेला ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा होता. भुवया काढल्या, पांढरा रंग मारला, झालं भूत तयार.

माझं स्वतःचं पहिलं भूतही फुकटातलंच. पंचवटीत आमच्या गल्लीच्या गणपतीत रस्त्यावर पांढरा कपडा बांधून पिक्चर दाखवत. पुढे बसायला जागा मिळाली नाही की आम्ही पोरं कपड्याच्या मागे बसायचो. मागून सगळं उलटं दिसतं: नावं उलटी, डावखुरे हिरो. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ मी तसा मागून बघितला. सामरीचं मुंडकं पेटीत, धड भलतीकडे. वाऱ्याने कपडा हलला की सामरी आमच्या अंगावर आल्यासारखा वाटे. मोठेपणी तोच पिक्चर टीव्हीवर सुलटा बघितला तर हसू आलं. पण गोदेकडून वारा सुटला की अजून तो हलणारा कपडाच आठवतो.

आणि ‘लपाछपी’. २०१७ चा, विशाल फुरियांचा, पूजा सावंत आहे. त्यांनीच पुढे हिंदीत ‘छोरी’ केला. पोटुशी बाई, उसाच्या मधोमध एक घर, आणि भीती बरीचशी लख्ख उजेडात. माझी सासुरवाडी निफाडकडची. तो बघितल्यानंतर दोन महिन्यांनी भर दुपारी उसाच्या कडेला मोटारसायकल उभी केली होती, फोन आला म्हणून. आतून पाचटाची सळसळ झाली. कुत्रं असणार. मी फोन पुढच्या गावात जाऊन घेतला. आता हे मोजमाप शास्त्रीय नाही. पण कुठल्या खुनाच्या पिक्चरने दोन महिन्यांनी माझा फोन ठेवायला लावलाय?

भुतात त्रास नाही असं मुळीच नाही. मोठा त्रास आवाजाचा. कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर एकदम ढण्ण करून सगळी वाद्यं कोसळतात. पडद्यावर निघतं मांजर. शेजारच्या खोलीत आई झोपलेली. एकदा ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "काय पाडलंस रे?" पूर्ण दोन तास रिमोट हातात धरून मी पोळी खाल्लेली आहे. वर जे पिक्चर विसाव्या मिनिटालाच रबरी तोंडाचं भूत दाखवून टाकतात, ते तिथेच बंद करावेत. ती हिंमत मला अलीकडे आली.

पण आवाजाचा इलाज आहे. कानात घालायची वायर घेतली, भांडण मिटलं. उलगड्याला वायर नाही. तो पुढे ढकलावा तर शेवट कळत नाही, आणि बघावा तर भांडी घासून संपतात.

तरीही कोणाबरोबर बघणार आहात त्यावर बरंच अवलंबून आहे. दोघं-तिघं असाल, मध्ये बोलायचं असेल, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असेल, तर खून बरा. एकटे असाल आणि उठायची घाई नसेल, तर मी भुताकडे वळेन. ज्याचं मन ठरतच नाही त्याने १९९९ चा ‘कौन’ लावावा. राम गोपाल वर्मांचा, लेखन अनुराग कश्यपचं. एक घर, पाऊस, एकटी उर्मिला आणि दारात मनोज बाजपेयी. भूत आहे की माणूस हे बराच वेळ कळत नाही, गाणी नाहीत आणि शिकवणीही नाही. पैसे अजिबातच खर्च करायचे नसतील तर १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. ऐनवेळी नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली, म्हणून तो सर्वांना मोकळा झाला. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. हे माहीत असूनही मला जेवताना बघवला नाही.

एवढं सगळं ऐकूनही आमच्या त्या मुलाने गेल्या शुक्रवारी खूनच लावला. सोमवारी कँटीनमध्ये मी विचारलं, कोण-कोण आहे त्यात? त्याने एक नाव सांगितलं. बाकीची काही त्याला आठवेनात.

"आणि तो करतो काय?"

"ड्रायव्हर आहे, दादा. साइड रोल."

मी पुढे काही विचारलं नाही.