देवगडातला मेल सर्व्हर: डेबियनची पॅकेजेस बरी की मेलकाउचे कंटेनर?

एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांची ऑर्डर देणारी मेल स्पॅममध्ये गेली, तर गिऱ्हाईक विचारायला फोन करत नाही. दुसऱ्या बागायतदाराकडे जातं. म्हणून फिल्टर ताजा राहणं हा इथे पैशाचा प्रश्न आहे. तो डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तयार पॅकेजांतून चालवायचा, की मेलकाउ या मेल सर्व्हरच्या तयार संचातून, जो कंटेनरमध्ये म्हणजे सगळं आत भरलेल्या बंद डब्यांत येतो?

आधी एक घोळ मिटवू. व्हायरस ओळखायच्या नव्या खुणा रोज उतरवणं वेगळं आणि ते तपासणारा प्रोग्राम नवा करणं वेगळं. व्हायरस तपासणाऱ्या क्लॅमएव्ही या प्रोग्रामचा जोडीदार फ्रेशक्लॅम मुकाट्याने पहिलं काम करत राहतो, म्हणून दुसरं राहून जातं. १५ एप्रिल २०१० रोजी क्लॅमएव्हीच्या ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्या खुद्द क्लॅमएव्हीवाल्यांनीच बंद पाडल्या, आणि त्यांच्यावर विसंबलेल्या कित्येक सर्व्हरांची मेल अडकली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला उलटा प्रकार झाला होता. स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या एका नियमाला २०१० साल म्हणजे फार पुढची तारीख वाटत होती, त्यामुळे साध्यासुध्या मेलवरही स्पॅमचे गुण चढू लागले. ज्यांचं एसए-अपडेट, म्हणजे त्याचे नियम ताजे करणारी आज्ञा, चालू होतं, त्यांना दुरुस्ती लगेच मिळाली.

आता निवड. डेबियनवर क्लॅमएव्ही आणि स्पॅमअसॅसिन पॅकेजमधून घेतलं, तर प्रोग्रामची चिंता बरीचशी डेबियन वाहतं. यात एक मेख आहे. क्लॅमएव्हीची नवी आवृत्ती बहुतेकदा ‘अपडेट्स’ या विभागातून येते, आणि आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या मूळ सेटिंगमध्ये त्या विभागाची ओळ बंद असते. ती स्वतः उघडावी लागते. एसए-अपडेटचं रोजचं वेळापत्रकही एकदा तपासा.

मेलकाउमध्ये स्पॅमअसॅसिनऐवजी आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर असतो. तो वेगवान आहे आणि त्याचा कारभार बघायचा वेब-पडदाही देखणा आहे. एका अपडेट स्क्रिप्टने सगळा संच नवा होतो, पण ती चालवायला माणूस हवा, आणि इमेजा (कंटेनरांचे तयार साचे) नव्याने उतरवायला बरी इंटरनेट लाइन हवी. मेमरीही जास्त लागते. क्लॅमएव्ही एकटाच बरीच खातो. स्वतःचा कंटेनर बांधणार असाल, तर खुणांचा साठा कायमच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनर बदलला तरी टिकणाऱ्या जागेत, ठेवा. नाहीतर दर वेळी मोठी मुख्य फाइल पुन्हा उतरते, आणि फार वेळा मागितलीत तर समोरचा सर्व्हर तुम्हाला काही काळ अडवतो.

फिल्टर बाहेरच्या सेवेवर सोपवणं हा तिसरा मार्ग. पावसाळ्यात सर्व्हरकडे बघायला कोणीच नसेल, तर तोच घ्या. त्यात कमीपणा कसला?

मी एकट्याच्या भरवशावर चालणाऱ्या ऑफिसला डेबियन सुचवतो. मेलकाउ बरा, पण सर्व्हर पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर.

कारण जूनचं वादळ. वीज दोन दिवस गेली तरी पाठवणाऱ्यांचे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस मेल धरून ठेवतात. वीज आली की ती सगळी एकदम धडकते, आणि तुमच्याकडच्या खुणा असतात दोन दिवस शिळ्या. म्हणून पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम, आपोआप सुरू होऊ देऊ नका. आधी फ्रेशक्लॅम हाताने चालवा, एसए-अपडेट करा, ईआयसीएआर नावाची, व्हायरस तपासणीसाठीच बनवलेली निरुपद्रवी चाचणी फाइल पकडली जाते का बघा, आणि मगच मेलला दार उघडा.