अंजनेरीच्या 'कंदीलपुष्पा'चे कंद घेताय? आधी हे वाचा

अंजनेरीचं कंदीलपुष्प म्हणजे नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरचं, कंदिलासारखं दिसणारं दुर्मिळ रानफूल. बागकामाच्या ग्रुपवर कुणी 'अंजनेरीचं कंदीलपुष्प, नर्सरीत वाढवलेलं, मोजकेच कंद' असं टाकलं, तर लगेच पैसे पाठवू नका. माझे 5,550 रुपये गेलेत. 1,800चा एक असे तीन कंद, वर कुरिअरचे 150. सगळे आगाऊ, यूपीआयवर. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मी काही नवखी नाही. या जातीच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, ती नष्ट होत चाललीय, हे सगळं माहीत असल्यामुळेच घेतलं. कुणी कुंडीत जगवत असेल तर चार पैसे द्यावेत, यात काय चुकलं?

खटकायला हवं होतं ते विकणाऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत. मे महिना, नाशकात अंगाची लाही लाही, आणि तिकडे फूल डोलतंय, मागे ओलं हिरवं गवत, पत्र्यावर पाऊस वाजतोय. 'आज सकाळचाच आहे ताई.' अहो, कंदीलपुष्प पावसाळ्यात फुलतं, मेमध्ये नुसता कंद जमिनीखाली असतो! हे मला तोंडपाठ आहे. विचारलंही. म्हणे, पॉलीहाऊसमध्ये फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारी यंत्रं, लावलेत. द्राक्षं-गुलाबांच्या गावात यावर कोण शंका घेणार?

जूनमध्ये कुंडीतून जाड, जांभळट कोंब आला. चिलटं अडकवणारी ती केसाळ नळी कधी दिसतेय म्हणून मी रोज वाकून बघतेय, आणि भाजीवाल्या मावशी फाटकातूनच म्हणाल्या, "शेवळं लावलीत होय? काकडं घालून करा, नायतर घसा खाजंल." शेवळं म्हणजे पावसाळी रानभाजी, काकडं तिच्यात घालायची आंबट फळं. कंदीलपुष्प नव्हतंच ते!

चौकीत हवालदार हसले. "फुलासाठी साडेपाच हजार?" त्यांनी सायबरकडे धाडलं, सायबरने परत चौकीकडे. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. वनखात्यातल्या साहेबांनी तर कहर केला: "दुर्मिळ वनस्पती विकत घेतलीत? मग आधी तुमचाच जबाब घेऊ." चोर मोकळा आणि जबाब माझा!

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माझ्यासारखं कोंब यायची वाट बघू नका. यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, जपून ठेवा. व्हिडिओ कॉलवर झाड दाखवायला सांगा, नेटवर्कची सबब आली की ब्लॉक. आणि माल खरा निघाला तरी तो डोंगरावरून उपटलेला नाही कशावरून? अंजनेरी 2017 पासून संवर्धन राखीव, म्हणजे संरक्षित क्षेत्र, आहे. फूल बघायचं तर पावसाळ्यात गड चढा, फोटो काढा, खाली या.

माझी तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. त्या विकणाऱ्याचा फोन नंबर मात्र चालू आहे, आणि कंदाचा भाव आता 2,200.